अधूनमधून उडणारा फ्यूज: गाडीतला लपलेला शॉर्ट शोधायचा कसा?

वळणवाट

नमस्कार मंडळी,

गाडीतला १० अँपिअरचा एक फ्यूज अधूनमधून उडतोय. उडाला की मीटरचे सगळे काटे खाली बसतात, रिव्हर्सचे दिवे आणि मागचे पार्किंग सेन्सर बंद पडतात. इंजिन चालू राहतं, हेडलाइट चालू राहतात. नवा फ्यूज घातला की सगळं जागच्या जागी. मग कधी बरेच दिवस काहीच होत नाही, कधी संध्याकाळच्या आत पुन्हा तेच.

गॅरेजमध्ये नेली की हमखास उडत नाही. एका ठिकाणी "काही सापडलं नाही" म्हणून गाडी परत दिली. दुसरीकडे म्हणाले, २० चा फ्यूज घालून देतो, कटकट मिटेल. मी नको म्हटलं.

माझं मत असं की फ्यूज बदलत राहणं हा इलाज नव्हे, आणि अंदाजपंचे पार्ट बदलत जाणं तर त्याहून नव्हे. माझ्याकडे साधा मल्टिमीटर आहे, टेस्ट लॅम्प आहे, या गाडीच्या वायरिंगचा नकाशाही मिळवलाय. पण मल्टिमीटर लावतो तेव्हा शॉर्ट नसतोच. हजर नसलेला शॉर्ट शोधायचा कसा? ज्यांनी स्वतः शोधलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

ओला_रस्ता

डिकीचं झाकण उघडा. बिजागरीजवळ एक रबरी नळी असते, त्यातून वायरी झाकणात जातात. नळी एका बाजूने सोडवून मागे सरकवा आणि आतल्या वायरी एकेक करून वाकवून बघा. झाकण उघडून-मिटून तिथलं इन्सुलेशन तडकतं. रिव्हर्सचे दिवे त्याच सर्किटवर आहेत म्हणताय, म्हणजे नव्वद टक्के तिथेच.

निवांतक्षणी

+१. दारांच्या बिजागरीतही हेच होतं.

पानापकड

वळणवाट, २० चा फ्यूज नाकारलात हे फार चांगलं केलंत. त्याबद्दल आधी लिहितो, कारण हा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्याने गाड्या जळतात.

फ्यूज वायरीसाठी असतो, दिव्यासाठी किंवा मीटरसाठी नव्हे. ती वायर जेवढा करंट सुखाने वाहून नेईल त्याच्या आत फ्यूज उडावा, एवढाच हिशेब. फ्यूज मोठा केला की सर्किटमधली सगळ्यात कच्ची जागा फ्यूज न राहता वायर होते. आणि वायर एकटी नसते. हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या बांधलेल्या जुडग्यात, तिच्या अंगाला अंग लावून दुसऱ्या वीस वायरी असतात. एकीचं इन्सुलेशन वितळलं की शेजारणींचंही वितळतं. मग कुठला शॉर्ट पहिला हे कोणालाच सांगता येत नाही.

आता कामाचं. उडालेले फ्यूज टाकून दिले नसतील तर उजेडात धरून बघा. आतली पट्टी मध्ये नुसती तुटलीय आणि प्लॅस्टिक स्वच्छ आहे, की प्लॅस्टिकवर आतून काळपट-चंदेरी थर बसलाय? पट्टी निवांत वितळून तुटली असेल तर करंट मर्यादेच्या थोडाच वर होता. म्हणजे एखादी मोटर जड झालीय किंवा सर्किटवर जास्तीचं काही जोडलंय. थर बसला असेल तर पट्टीची अक्षरशः वाफ झाली, म्हणजे वायर थेट बॉडीला लागली. दोन्हींचा शोध वेगळ्या वाटेने घ्यावा लागतो. तेव्हा हे आधी सांगा.

गणिती_मन

पानापकड यांच्याशी सहमत, थोडे आकडे जोडतो.

१० चा फ्यूज ११ अँपिअरला तासन्‌तास उडत नाही. १३.५ अँपिअरला तो काही सेकंदांत उडेल किंवा काही मिनिटं तगही धरेल. २० अँपिअरला मात्र पाच सेकंदांच्या आत जायलाच हवा. फ्यूज करंट बघतो तसा वेळही बघतो.

आता थेट शॉर्टचा करंट काढू. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरमागे साधारण ०.०३५ ओहम. फ्यूजपासून चार मीटरवर ती बॉडीला लागली तर वायरीचा रोध झाला ०.१४ ओहम. १२ व्होल्ट भागिले ०.१४ म्हणजे ८५ अँपिअर. बॅटरी, जोड आणि टेकलेल्या जागेचा रोध धरला तरी पन्नास-साठ कुठे गेले नाहीत. एवढ्या करंटला १० चा काय, २० चाही फ्यूज उडणारच. म्हणजे मोठ्या फ्यूजने कटकटही मिटत नाही! खरा धोका अर्धवट टेकण्याचा आहे. तांब्याच्या चार तारा गंजलेल्या पत्र्याला लागून १५-१८ अँपिअर वाहत राहिले तर १० चा फ्यूज उडेल, २० चा बसून राहील, आणि वायर तापत जाईल.

झुळूक_वारा

आमच्या गाडीत असंच चालायचं, त्यात सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये नाणं पडलेलं निघालं. खड्ड्यात गाडी आदळली की नाणं आडवं व्हायचं आणि फ्यूज जायचा. धाकट्याने टाकलं होतं. हार्नेस उकलण्याआधी सगळ्या सॉकेटांत टॉर्च मारून बघा, एवढंच सांगते.

वळणवाट

सगळ्यांचे आभार. डिकीची नळी सोडवून पाहिली. वायरी मऊ आहेत, वाकवल्यावर कुठे चीर दिसत नाही. लायटर वेगळ्या फ्यूजवर आहे.

जुने फ्यूज डॅशच्या कप्प्यात होते. सगळ्यांच्या आत काळपट-चंदेरी थर आहे. म्हणजे थेट शॉर्ट असं धरतो.

पानापकड

झकास, अर्धं जंगल कमी झालं. आता बल्ब.

ब्रेकलाइटचा २१ वॉटचा जुना बल्ब घ्या, होल्डरसकट मिळाला तर उत्तम. त्याच्या दोन वायरींना सपाट टर्मिनल लावून ती उडालेल्या फ्यूजच्या खाचेत बसवा. फ्यूजच्या जागी बल्ब. आता शॉर्ट झाला तरी या वाटेने जास्तीत जास्त पावणेदोन अँपिअर जाणार, बाकी सगळा जोर बल्बवर पडणार आणि तो लख्ख पेटणार. वायर सुरक्षित, फ्यूजचा खर्च नाही, आणि मुख्य म्हणजे शॉर्ट झाला तो क्षण तुम्हाला डोळ्यांनी दिसतो. फ्यूज एकदाच बोलतो आणि गप्प होतो. बल्ब शॉर्ट आहे तोवर पेटलेला, सुटला की विझलेला.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सर्किटवरच्या चालू उपकरणांमुळेही बल्ब मंद पेटतो. तो शॉर्ट नव्हे. म्हणून रिव्हर्सचे दोन्ही बल्ब काढून ठेवा, पार्किंग सेन्सरचा कनेक्टर काढा. मग मीटरपुरता जेमतेम निखारा दिसेल किंवा काहीच नाही. त्यातून बल्ब एकदम पांढरा झाला तर शॉर्ट. दुसरं, बल्ब तापतो. तो कार्पेटवर किंवा प्लॅस्टिकला टेकवून सोडू नका.

मग इग्निशन चालू, इंजिन बंद, आणि हार्नेस हाताने हलवत निघा. हातभर अंतर घ्या, वाकवा, दाबा, पिळा, बल्बकडे बघा, पुढे सरका. जोडीला माणूस असेल तर एकाने बल्ब बघावा. फार जोरात ओढू नका, नाहीतर चांगले पिन सैल होतील.

कोरी_पाटी

माफ करा, पण आजकालच्या गाडीत फ्यूजच्या जागी बल्ब लावणं मला पटत नाही. त्या सर्किटवर कंट्रोल मॉड्यूल (छोटा संगणक) असेल तर त्याला १२ च्या जागी ८-९ व्होल्ट मिळतील, तो बिघाडाचे भलतेसलते कोड टाकेल. शिवाय कित्येक गाड्यांत दिव्यांच्या सर्किटला फ्यूजच नसतो. बॉडी कंट्रोल मॉड्यूलमधला इलेक्ट्रॉनिक स्विच करंट मोजून सर्किट तोडतो. काही मॉड्यूल शॉर्ट किती वेळा झाला ते मोजतात आणि ठरावीक संख्येनंतर ते सर्किट कायमचं बंद ठेवतात, स्कॅनरने (कोड वाचायच्या यंत्राने) रीसेट करेपर्यंत. तिथे तुमचा बल्ब लावायचा कुठे?

पानापकड

रास्त मुद्दा. इलेक्ट्रॉनिक स्विचवाल्या सर्किटला बल्ब चालत नाही. तिथे स्कॅनरवर त्या आउटपुटचा करंट लाइव्ह बघत हार्नेस हलवावा लागतो. आणि बल्ब लावून रस्त्यावर गाडी चालवू नये. इथे वळणवाट यांच्याकडे खराखुरा फ्यूज आहे, तो उडाला तरी इंजिन चालतंय, म्हणजे इंजिनचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) या वाटेवर नाही. जागेवर उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून बल्ब लावायला हरकत दिसत नाही. मीटरने कोड टाकलाच तर नंतर पुसता येईल.

कोरी_पाटी

जागेवर उभी असेल तर मान्य.

अडगळीची_खोली

माझ्या अनुभवातून तीन जागा सांगतो, ज्या सहसा कोणी बघत नाही.

एक, सीटखाली. सीट पुढे-मागे करताना रुळाखाली वायर चेंगरते. विशिष्ट उंचीचा माणूस गाडी चालवायला बसला की फ्यूज जातो आणि दुसऱ्या कोणाच्या हातात जात नाही, असं असेल तर सरळ सीट काढा.

दोन, दोन तारांचा बल्ब. मागच्या दिव्यात टेल आणि ब्रेकची तार एकाच काचेत असते. एक तार तुटून दुसरीवर पडली की दोन सर्किटं एकमेकांत मिसळतात. ब्रेक दाबला की डॅशचे दिवे उजळतात, असले चमत्कार होतात. हा शॉर्ट बॉडीशी नसतो, पण माणूस दिवसभर बॉडी अर्थ घासत बसतो. बल्ब काढून उजेडात बघायला मिनिटसुद्धा लागत नाही.

तीन, नंतर बसवलेल्या वस्तू. डॅशकॅम, हॉर्न, फॉगलाइट, म्युझिक सिस्टीम. वायर सोलून, पिळून, वरून चिकटपट्टी. उन्हात पट्टीचा गोंद सुटतो आणि उघडं तांबं पत्र्याकडे तोंड करून बसतं. वायर न सोलता चिमटा मारायचे निळे-लाल क्लिप तर आतल्या तारा कापतात, आणि तिथून पाणी शिरलं की हिरवा थर वायरीच्या आत वीतभर चढत जातो. गाडीत असं काही बसवलेलं असेल तर शोध तिथून सुरू करावा, बिजागरीपासून नाही.

ओला_रस्ता

तिसऱ्याला जोरदार अनुमोदन.

दूरचा_पल्ला

थोडं अवांतर विचारू का? माझी गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. फ्यूज एकही उडत नाही. हाही शॉर्टच का?

गणिती_मन

याला शॉर्ट म्हणत नाहीत. काहीतरी झोपायला हवं ते जागं राहतंय. गाडी कुलूप लावून अर्धा-पाऊण तास सोडा, म्हणजे मॉड्यूल झोपतात. त्याआधी बॉनेट आणि फ्यूजबॉक्स उघडा आणि दाराची कडी स्क्रूड्रायव्हरने बंद करून ठेवा, नाहीतर दार उघडताच सगळे पुन्हा जागे होतील. मग फ्यूज न काढता त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टिकल्यांवर मल्टिमीटर मिलीव्होल्टवर लावा. फ्यूजला स्वतःचा थोडा रोध असतो. १० च्या फ्यूजवर एक अँपिअरमागे साधारण सात-आठ मिलीव्होल्ट पडतात. जिथे शून्य दिसतं ते सर्किट झोपलेलं, जिथे आकडा दिसतो ते जागं. झोपलेल्या गाडीचा एकूण करंट ५० मिलीअँपिअरच्या आत असावा असं सहसा धरतात. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथला विषय भरकटेल.

दूरचा_पल्ला

धन्यवाद, नवा धागा काढतो.

वळणवाट

बल्ब लावला. रिव्हर्सचे बल्ब आणि सेन्सर काढले, आता मीटरपुरता अंधुक लालसर उजेड आहे. डॅशखालचा हार्नेस, दारालगतच्या पट्टीखालचा, डिकीतला, सगळा हातभर-हातभर हलवला. बल्ब ढिम्म. बाहेरून काही बसवलेलं नाही.

एक निरीक्षण लिहून ठेवलंय. फ्यूज बहुतेक वेळा चढावर किंवा चढावरच्या पार्किंगमधून निघताना गेला. रिव्हर्समध्ये असताना गेलाय तसा पहिल्या गिअरमध्येही गेलाय, त्यामुळे रिव्हर्सचा संबंध लावावा की नाही कळत नाही. सपाट रस्त्यावर वेगात असताना कधीच नाही.

सांधेजोड

इथे नकाशा कामाला येतो. रिव्हर्सच्या दिव्यांची वायर फ्यूजपासून निघते ती आधी गिअरबॉक्सवरच्या रिव्हर्स स्विचला जाते आणि तिथून मागे दिव्यांकडे. स्विचनंतरच्या तुकड्यात शॉर्ट असेल तर तो रिव्हर्स टाकल्याशिवाय कधीच होणार नाही, कारण एरवी तिथे करंटच नसतो. तुमचा फ्यूज पहिल्या गिअरमध्येही जातो. म्हणजे स्विचनंतरची पूर्ण वायर, मागचे दिवे आणि डिकीची बिजागरी यांच्यावरचा संशय जवळजवळ गेला. उरलं काय? फ्यूज ते मीटर, फ्यूज ते सेन्सर, आणि फ्यूज ते गिअरबॉक्सवरचा स्विच. यातले पहिले दोन केबिनमध्ये आहेत आणि ते तुम्ही हलवून पाहिलेत. तिसरा बॉनेटखाली आहे. तो तुमच्या यादीत दिसत नाही.

आता चढ घ्या. चढावर निघताना इंजिनवर जोर येतो आणि ते आपल्या माउंटिंगवर, म्हणजे रबरी आधारांवर, कलतं. पहिल्यात एका बाजूला, रिव्हर्समध्ये दुसऱ्या बाजूला. सपाट रस्त्यावर वेगात असताना ते जवळपास सरळ असतं. इंजिन-गिअरबॉक्स हलतात, बॉडी हलत नाही, आणि ती वायर या दोघांमधून जाते.

एक प्रश्न. हे सुरू होण्याआधी गाडीचं कुठलं काम झालं होतं? कितीही जुनं, कितीही असंबद्ध वाटलं तरी सांगा. मी तर कुठल्याही गाडीला हात लावण्याआधी हेच विचारते. नवा बिघाड पुष्कळदा शेवटच्या कामाच्या आसपास राहतो.

वळणवाट

क्लचप्लेट बदलली होती! त्यानंतर काही महिन्यांनी हे सुरू झालं, म्हणून मी जोडलंच नव्हतं.

सांधेजोड

क्लचप्लेटसाठी गिअरबॉक्स खाली उतरवतात. उतरवायचा तर स्विचचा कनेक्टर काढावा लागतो आणि हार्नेस क्लिपांतून सोडवावा लागतो. परत बसवताना क्लिप तुटलेली असली किंवा विसरली तर हार्नेस कुठल्यातरी कडेवर लोंबकळतो. घासून इन्सुलेशन जायला काही महिने लागतातच.

करून बघा: बल्ब जागेवर ठेवा. गाडी सपाट जागी. इग्निशन चालू, इंजिन बंद, पहिला गिअर, हँडब्रेक सोडलेला. आता बाहेरून गाडी पुढे-मागे झुलवा. गिअर असल्यामुळे चाकांचा हिसका इंजिनला बसतो आणि ते माउंटिंगवर डोलतं. दुसऱ्याने बल्ब बघायचा. इंजिन चालू ठेवून क्लच अर्धवट सोडण्याची परीक्षाही लोक करतात, ती मी सुचवणार नाही. बॉनेटमध्ये वाकलेला माणूस आणि जोर लावलेली गाडी हे एकत्र नको.

निवांतक्षणी

हा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर चिकटवून ठेवायला हवा. वाचनखूण साठवली.

झुळूक_वारा

उत्सुकता ताणली गेलीय, काय झालं ते लगेच कळवा!

वळणवाट

सापडला!

भावाने गाडी झुलवली, मी बल्ब बघत होतो. दोन-चार हेलकाव्यांतच अंधुक बल्ब लख्ख पेटला आणि लगेच विझला. पुन्हा झुलवलं, पुन्हा पेटला, दर वेळी गाडी मागे जाताना. मग हँडब्रेक लावून, गिअर काढून बॉनेटखाली गेलो. वरून काही दिसत नव्हतं. एअर फिल्टरचा डबा काढल्यावर गिअरबॉक्सच्या बाजूचा हार्नेस दिसला. वरचं नालीदार प्लॅस्टिकचं वेष्टण एका लोखंडी पट्टीच्या कडेवर टेकून आरपार झिजलं होतं. खाली दोन वायरींतल्या एकीवर नखाएवढ्या जागेत तांबं उघडं, दोन-तीन तारा तुटलेल्या, आणि पट्टीच्या कडेला रंग जाऊन काळे डाग. त्याच्या वितभर वर एक रिकामं भोक आहे, जिथे क्लिप असायला हवी होती. नकाशाशी रंग ताडून पाहिला: स्विचकडे जाणारी, फ्यूजकडून आलेली वायर. सांधेजोड ताई, तुम्ही सांगितलेल्या तुकड्यातच.

हार्नेस पट्टीपासून बोटभर उचलून दोरीने तात्पुरता बांधला आणि गाडी पुन्हा झुलवली. बल्ब अंधुकच राहिला. हे करून बघायला हवंच होतं, नाहीतर दुसरीकडेही शॉर्ट असू शकला असता.

आता दुरुस्तीबद्दल विचारतो. डाग द्यावा (सोल्डर) की क्रिम्प करावं (धातूच्या नळीत दाबून जोड)? नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळणं मला पटत नाही.

पानापकड

अभिनंदन! हार्नेस उचलून पुन्हा तपासलंत, हे बरेच मेकॅनिकही करत नाहीत.

टेप नकोच. इंजिनच्या उष्णतेने साध्या टेपचा गोंद पातळ होऊन ओघळतो. तारा तुटल्यात म्हणजे तेवढा तुकडा कापून टाका. त्याच जाडीची वायर मध्ये घाला, दोन्ही टोकांना डाग द्या, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवल्यावर आक्रसणारी) नळी. नळी डाग देण्याआधी वायरीत ओवायला विसरू नका.

सांधेजोड

इथे माझं मत वेगळं आहे. डाग देताना शिसं तारांमधून वर चढतं आणि तेवढी वायर काडीसारखी ताठ होते. ताठ भाग संपतो तिथे कंपनांनी वायर तुटते. हा हार्नेस इंजिन आणि बॉडीच्या मधला आहे, रोज हलणारा. अशा जागी योग्य मापाची क्रिम्प नळी, ती दाबायचं खरं क्रिम्पिंग साधन, पक्कड नव्हे, आणि वर गोंदवाली हीटश्रिंक. शेजारच्या वायरीलाही जोड द्यावा लागला तर दोन्ही जोड समोरासमोर आणू नका, बोटभर पुढे-मागे ठेवा.

पानापकड

चांगला डाग दिला आणि दोन्ही बाजूंना वायर बांधून आधार दिला तर तुटत नाही, माझ्या हातचे जोड वर्षानुवर्षं टिकलेत. पण ज्याला रोजची सवय नाही त्याने क्रिम्प करावं, हे मान्य.

जोड कुठलाही द्या, क्लिप बसवल्याशिवाय बॉनेट बंद करू नका. वायर झिजली कारण ती जागा सोडून आली. नवं नालीदार वेष्टण, वर कापडी टेप, आणि त्या रिकाम्या भोकात क्लिप. पट्टीची कड कानशीने गोल करून घ्या. आणि इंजिन माउंटिंगचं रबरही बघून घ्या, फाटलं असेल तर इंजिन गरजेपेक्षा जास्त डोलत असेल. मग १० चाच फ्यूज, लाल रंगाचा.

वळणवाट

क्रिम्प करतो, साधन मागवलंय. रबराला बारीक भेगा आहेत, पण फाटलेलं नाही. क्लिप मिळाली.

ध्रुवतारा

उशिरा आलो. शॉर्ट टिकून राहिलेला असेल पण वायर कार्पेटखाली, दिसत नसेल, तर एक जुनी युक्ती आहे. बल्बच्या जोडीला इंडिकेटरचा जुना फ्लॅशर घाला, म्हणजे करंट थांबत-थांबत वाहतो. मग साधं होकायंत्र वायरीच्या मार्गावरून सरकवत न्या. प्रत्येक ठोक्याला सुई उडी मारते. शॉर्टची जागा ओलांडली की उडी थांबते, कारण पुढे करंट जातच नाही. पावणेदोन अँपिअरचं चुंबकीय क्षेत्र दोन सेंटिमीटरवर पृथ्वीच्या क्षेत्राच्या निम्म्याच्या आसपास भरतं, तेव्हा सुईला पुरेसं असतं. गाडीच्या लोखंडाने सुई कुठेही तोंड करून बसेल, तिकडे लक्ष देऊ नका, उडी तेवढी बघा. विकतचे शॉर्ट शोधक याच तत्त्वावर चालतात.

कोरी_पाटी

हे माहीत नव्हतं, फार आवडलं. सेन्सरच्या वायरींना मात्र ही युक्ती वापरू नये. तिथे ईसीयूकडून ५ व्होल्टची सामायिक लाइन असते, फ्यूज मध्ये नसतोच. त्यावरचा एक सेन्सर शॉर्ट झाला की लाइनवरचे सगळे सेन्सर एकदम चुकीचं सांगायला लागतात, आणि लोक एकामागून एक सेन्सर बदलतात. तिथे मल्टिमीटर ५ व्होल्टच्या लाइनवर लावून एकेक सेन्सरचा कनेक्टर काढायचा. ज्याचा काढल्यावर व्होल्टेज परत आलं तो सेन्सर शॉर्ट.

दूरचा_पल्ला

अडगळीची_खोली यांनी सीटखालच्या वायरींचं लिहिलंय, म्हणून माझ्या सीटखाली बघितलं. तिथे पिवळ्या वेष्टणातली एक वायर रुळाला घासतेय. एअरबॅगचा दिवाही कधीकधी लागतो. हीच हलवून, मीटर लावून बघू का?

सांधेजोड

नका! हात लावू नका.

पिवळं वेष्टण म्हणजे एअरबॅग किंवा सीटबेल्ट घट्ट करणाऱ्या यंत्रणेची वायर. तिच्या टोकाला छोटा स्फोटक असतो. मल्टिमीटर ओहमवर लावला की तो स्वतः थोडा करंट सोडतो, आणि एअरबॅग तेवढ्या करंटच्या भरवशावर ठेवायची वस्तू नाही. हलवून बघायची तर नाहीच. बॅटरीची निगेटिव्ह काढल्यावरही मॉड्यूलमध्ये काही काळ चार्ज राहतो, त्यासाठी किती थांबायचं ते त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेलं असतं. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीतल्या नारिंगी वायरींनाही हाच नियम, त्यात शेकडो व्होल्ट असतात.

सीट आहे तिथेच ठेवा, सरकवू नका. एअरबॅगचं काम करणाऱ्याकडून आधी स्कॅनरवर कोड वाचून घ्या आणि लिहून ठेवा. कोड पुसू देऊ नका, कुठल्या बाजूचं सर्किट आहे ते त्यावरूनच कळेल.